लुदीने शिवलेल्या उशा

लुम्बान गावात नदीकाठच्या घरांमधून भरतकाम चालतं. तिथे सुई बोटात गेली तर कोणी "आई गं" म्हणत नाही, आधी कापड बघतात. अननसाच्या तंतूंचं ते पातळ कापड रक्त लगेच पितं. म्हणून त्याच क्षणी डागावर थुंकायचं आणि अंगठ्याच्या पोटाने हलकं चोळायचं. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते, दुसऱ्या कोणाच्या थुंकीने डाग हलत नाही, असं तिथल्या बायका शपथेवर सांगतात.

लुदिविना बाल्दोविनो हे पाचव्या-सहाव्या वर्षी शिकली. तिची आई, मावशी आणि दोन शेजारणी एका लांब लाकडी चौकटीच्या चारी बाजूंना बसायच्या आणि लुदी चौकटीखाली. वरून सुया खाली यायच्या, खालून वर जायच्या. तिचं काम एकच, उलट्या बाजूला कुठे गाठ दिसली की ओरडायचं. मोठी झाल्यावर तिला चौकटीचा एक कोपरा मिळाला. टाका चुकला की मावशी कात्रीच्या मुठीने पेरावर टक् करून मारायची. लागायचं, पण त्यात राग नसायचा. मारणं म्हणजे काय ते आपल्याला कॉलेजात गेल्यावर कळलं, असं लुदी म्हणायची.

कॉलेज डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात होतं. आलिंग बेबांग नावाच्या विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर मुली राहायच्या, त्यातल्या एका खोलीत मी, लुदी आणि जोनाबेल. मला सगळे सेली म्हणायचे. जोनाबेल बातांगासची, तिच्या बापाचं डुकरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. लुदी आमच्यात सर्वांत कमी बोलायची. संध्याकाळी खिडकीशी बसून रुमाल भरायची, दुकानात द्यायला.

रेनांते तिला पहिल्या वर्षी भेटला. यंत्रशाळेत शिकणारा, केस नीट विंचरलेले, आलिंग बेबांगला रोज पाव आणून देणारा. दुसऱ्या वर्षी त्याने लुदीला पहिल्यांदा मारलं, भर जीपनीत, त्या लांबट जीपवजा बसमध्ये, माझ्यासमोर. दुसऱ्या कोणाशी तरी ती हसली होती. त्याने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, लोकांना वाटावं प्रेमाने, आणि तिचं मधलं बोट मागे वाकवत नेलं. तो खिडकीबाहेर बघत होता. लुदीच्या तोंडातून आवाज आला नाही. बोटातून आला. सुकी काडी मोडल्यासारखा, बारीक.

"उतरा, आपला थांबा आला," तो म्हणाला आणि आमच्या दोघींचे पैसे त्यानेच दिले.

आइस्क्रीमच्या काडीला बोट बांधून लुदी महिनाभर डाव्या हाताने जेवली. त्या महिन्यात तो दोनदा घरी आला, दोन्ही वेळा रडला, आणि दुसऱ्या वेळी रडून झाल्यावर त्याने तिचे केस धरून तिचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. आम्ही आलिंग बेबांगला सांगितलं. ती म्हणाली, "तरुण आहेत, होतं. पाव आणतो बिचारा." आम्ही गावच्या पोलिसाला सांगितलं. त्याने विचारलं, "लग्न झालंय का? नाही? मग भेटू नकोस त्याला." इतकं सोपं होतं ते.

लुदीच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती. या माणसाने परत हात लावता कामा नये. परीक्षा, घर, रुमाल, बाकी सगळं त्याच्या मागे उभं होतं.

अशा दिवसांत कॅन्टीनमध्ये आते दिता आमच्या बाकावर येऊन बसली. आते म्हणजे ताई. कॉलेजात मोठ्या मुलींना सगळे तेच म्हणतात, पण दिताला म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. ती वनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, खांदे रुंद, हसणं मोठं, आणि सोरोरिटीची, म्हणजे शपथ घेऊन एकमेकींच्या बहिणी होणाऱ्या मुलींच्या संघटनेची, ती त्या वर्षीची प्रमुख. तिने लुदीच्या बोटाकडे बघितलं.

"कोणी केलं?"

"जिन्यावरून पडले, आते."

"या गावात सगळ्याच मुली जिन्यावरून पडतात. जिने पाडायला हवेत एकदा." तिने लुदीच्या ताटातला सुका मासा उचलून तोंडात टाकला. "आमच्यात ये. आमच्या मुलीला बाहेरचा कोणी हात लावत नाही. लावला तर तो हात घेऊन घरी जात नाही."

"आणि आतला कोणी लावतो?" जोनाबेलने विचारलं.

"आतला एकदाच," दिता म्हणाली. "आणि तू तोंड सांभाळ, तुला दोनदा लागेल."

आम्ही तिघींनी नावं दिली. लुदीने का दिलं ते उघड होतं. जोनाबेलला गंमत वाटली. मी दोघी जातायत म्हणून गेले.

सोरोरिटीत येणाऱ्या नवख्या मुलीने प्रत्येक आतेला स्वतःच्या हाताने शिवलेली एक उशी द्यायची, अशी तिथली रीत होती. आते पाच जणी होत्या. उशीत सावरीचा कापूस, वर नवखीने भरलेलं आतेचं नाव. शेवटच्या दिवशी प्रत्येक आते आपापली उशी नवखीच्या मांड्यांमागे बांधायची आणि त्यावरून फळीने मारायची. फळी वल्ह्यासारखी, पेरूच्या लाकडाची. उशी टिकेल तोवर मार उशीला. शिवण उसवली, कापूस बाहेर आला, की पुढचे फटके अंगावर. नंतर ती उशी, फाटकी असो की धड, आते घरी नेऊन शिवून घ्यायची आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपायची. बहिणीला देण्याची भेट अशी असावी, जिने दोघींना झोप लागेल, असं दिता म्हणायची. ती हे हसत म्हणायची नाही.

म्हणून सगळ्या नवख्या जाड कापड आणायच्या. जोनाबेलने निळ्या जीनच्या आत खाद्याचं पोतं लावलं. "डुकरं दातांनी फाडू शकत नाहीत, या बायका काय फाडतायत!" ती म्हणाली. "भरतकाम नाही जमलं तरी चालेल, ढुंगण वाचलं पाहिजे." तिने पाचही नावं खडूने लिहून काळ्या दोऱ्याने धावदोरा घातला. आते विल्माच्या नावातलं एक अक्षर विसरली.

मी दोन पदरी चादरीच्या उशा केल्या, कडेने तीनदा शिवण घातली.

लुदीने पांढरं सुती कापड आणलं. पातळ नव्हतं, पण जाडही नव्हतं. आणि तिने कलादो सुरू केलं. कलादो म्हणजे कापडातले उभे-आडवे धागे एकेक करून उपसून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांना बांधून जाळी करायची. पाहायला ते दवासारखं दिसतं. पण जिथे कलादो तिथे कापड अर्धं उरतं.

"वेडी झालीस का?" मी म्हटलं. "धागे काय काढतेस? दोन फटक्यांत फाटेल."

"कडेलाच करतेय."

"कडेला तर शिवण असते गं!"

लुदीने मान वर केली नाही. "आमच्याकडे मोठ्या माणसाला साधं कापड देत नाहीत, सेली. साधं कापड देणं म्हणजे तुझी मला गरज नाही असं सांगणं. आणि उशीवर माणूस गाल टेकतं. पोत्यावर कसा टेकेल?"

"मारणारीच्या गालाची काळजी!" जोनाबेल म्हणाली. "हिच्या मांड्या मला देऊन टाका कोणीतरी, हिला नको आहेत त्या."

लुदी हसली. बोट अजून नीट वाकत नव्हतं, ते वर ठेवून ती सुई दुसऱ्याच दोन बोटांत धरायची. चार उशांच्या कडेला एकेरी जाळी केली. दिताच्या उशीवर मधोमध चौकोन उपसला आणि त्यात नाचणीएवढ्या फुलांचा वेल भरला. मला वाटतं ती उशी शिवताना तिला मार दिसतच नव्हता. मारानंतरचं घर दिसत होतं, ज्यात पाच बहिणी आहेत आणि दाराशी रेनांते नाही.

शेवटचा दिवस शनिवारचा होता. पान्सोलला भाड्याने मिळणारी घरं असतात, अंगणात गरम पाण्याचं तळं, चारी बाजूंना उंच भिंत. दुपारी आम्हाला तिथे नेलं. शेजारच्या अंगणात कोणाचा तरी वाढदिवस चालू होता. गाण्याचं यंत्र लावलेलं, पाहुणे आळीपाळीने माईकवर केकाटत होते, आणि प्रत्येक गाण्यानंतर यंत्र तुतारी वाजवून गुण जाहीर करत होतं.

"छान," आते विल्मा म्हणाली. "ओरडायचं असेल तर ओरडा. त्यांना वाटेल तुम्हीही गाताय."

आधी जोनाबेल. तिला आमच्याहून जास्त पडले, पण तिचं पोतं शेवटपर्यंत उसवलं नाही. दर फटक्याला ती "थँक यू, आते!" म्हणायची, नियमच तसा होता, आणि शेवटी म्हणाली, "थँक यू, बाबांचं दुकान!" दितासुद्धा हसली. मग मी. माझी एक उशी फुटली, ती विल्माची. कापडाशिवायचा पहिला फटका बसला तेव्हा डोळ्यांसमोर पांढरं झालं आणि मला माझं नाव आठवेना. दुखणं मागून आलं, पाण्यासारखं, खालून वर भरत.

मग लुदी. ती भिंतीला दोन्ही तळवे टेकवून उभी राहिली. पहिल्या चौघींनी हात राखून मारलं असावं, कारण एकेरी जाळी दोन-तीन फटके टिकत होती. मग शिवण सुटायची, सावरीचा कापूस उडायचा आणि ओल्या फरशीवर चिकटायचा. उरलेले अंगावर. तिच्या मांड्या आधी लाल झाल्या, मग जांभळ्या, मग त्यांना रंग उरला नाही. गुडघे वाकत होते आणि ती ते पुन्हा सरळ करत होती.

दिताने आपली उशी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. बोट जाळीतून आरपार घातलं.

"हे काय आहे?"

"तुमच्यासाठी केलंय, आते."

"हे फाटणार, तुला माहीत आहे."

"हो, आते."

"म्हणजे मी थांबावं म्हणून केलंस. नाजूक काहीतरी पुढे धरायचं, म्हणजे समोरचीला हात उचलवणार नाही. असंच ना?"

"नाही, आते."

दिताने उशी बांधली आणि मारलं. चौकोन पहिल्याच फटक्याला टरकन् फाटला. दुसरा फटका बसला तेव्हा लुदीचा हात आपोआप मागे गेला. तो मागे न्यायचा नसतो, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. पण अंग ऐकत नाही. फळी बोटांवर पडली, तेच मोडलेलं बोट, नख उभं चिरलं. लुदी खाली बसली. उशी सुटून तिच्यासमोर पडली होती, आणि वेलाच्या उरलेल्या तुकड्यावर रक्त टपटपलं.

तिने काय केलं ते मी पाहिलं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, उशी जवळ ओढली, आणि त्या डागावर थुंकली. अंगठ्याने चोळू लागली, हलकं हलकं. तिचे डोळे कुठेच नव्हते. हात लुम्बानमध्ये होते.

पण दिताला एवढंच दिसलं, की आपल्याला दिलेल्या भेटीवर ही मुलगी आपल्या तोंडासमोर थुंकली.

"थुंकलीस?"

लुदीला ऐकू आलं नाही.

"माझ्या नावावर थुंकतेस?"

त्यानंतर जे झालं त्याला रीत नव्हती, मोजणं नव्हतं. दिताने तिला दंडाला धरून उभं केलं, ती उभी राहीना तशी आडवी पाडली आणि मारलं. मांड्यांवर, कमरेखाली, पोटऱ्यांवर. फळीचा आवाज बदलला. आधी चापट मारल्यासारखा होता, आता ओला यायला लागला. मी आणि जोनाबेल ओरडत होतो. ती रक्ताचा डाग काढतेय, थुंकत नाहीये, असं काहीतरी. पलीकडे एक बाई उंच सुरात गात होती. विल्मा आणि आणखी एकीने दिताला मागून मिठी मारून ओढलं. तेव्हा पलीकडच्या यंत्राने तुतारी वाजवली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

जीपनी ठरवून आम्ही लुदीला दवाखान्यात नेलं. ती पालथी, डोकं माझ्या मांडीवर, पाय दिताच्या. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडली. त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि काही लिहिलं नाही. उजव्या पायाचा चवडा तिला उचलता येत नव्हता. नस दुखावली आहे, येईल हळूहळू, म्हणाला. तो पुरता कधीच आला नाही. अजून ती उजवं पाऊल किंचित घासत चालते आणि गावातल्या लोकांना वाटतं लहानपणचा आजार असावा.

बाहेरच्या बाकावर दिता माझ्या शेजारी बसली होती. तिच्या बाहीवर कापूस होता.

"थुंकली का ती?" तिने विचारलं. राग गेला होता, आता खरंच विचारत होती.

मी सांगितलं. स्वतःचं रक्त, स्वतःची थुंकी. सुकलं नाही तोवर काढायचं. ती तुमची उशी साफ करत होती, आते.

 दिता उठली, नळावर गेली आणि तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

सोरोरिटीत आतेनेही धाकट्या बहिणीला हाताने केलेली भेट द्यायची असते, आणि ती भेट म्हणजे तीच फळी, वर धाकटीचं नाव कोरलेलं. महिन्याभराने दिता आमच्या खोलीत आली. कोरलेलं नाव वाकडंतिकडं होतं. मुठीला तिने क्रोशाने विणलेलं आवरण घातलं होतं, जांभळ्या लोकरीचं, इतकं वाईट की जोनाबेलने तोंडात चादर कोंबली. टाके सुटलेले, एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला ढगळ.

लुदीने ते उलटं करून पाहिलं. सवयच ती.

"गाठी दिसतायत, आते," ती म्हणाली.

"माहीत आहे. मला येत नाही. यूट्यूबवर बघून केलं. चार वेळा उसवलं." दिता दाराशीच उभी होती. "तुझी उशी मी शिवून घेतली नाही. फाटकीवरच झोपते. कापूस नाकात जातो."

माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. लुदीने फळी खिळ्याला टांगली. आता तिला बहिणी होत्या. त्या महिन्यात रेनांते एकदाही आला नाही, आणि लुदी खिडकीशी बसून पहिल्यांदा गुणगुणली.

मग तो आला. कॅन्टीनसमोर, पाच-सहा मुलांबरोबर, सगळ्यांच्या अंगात काळे शर्ट. आमच्या सोरोरिटीचं मुलांच्या एका संघटनेशी नातं होतं. त्या मुलांना आम्ही भाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला बहिणी. रेनांते त्याच संघटनेत मार खाऊन आत आला होता.

"तू बहिणी केल्यास," तो लुदीला म्हणाला, "म्हणून मी भाऊ केले. आता आपण एकाच घरातले." आणि सगळ्यांदेखत तिच्या गालाला चिमटा काढला, इतका की तिथे रक्त साकळलं. भाऊ हसले.

सोरोरिटीची बैठक बसली. सगळ्या बोलल्या, शेवटी दिताने सांगितलं. तिचा आवाज कागद वाचल्यासारखा होता. भावाला बहिणीने हात लावायचा नाही, अशी शपथ आहे. त्यांच्या प्रमुखाशी बोलू. समज देऊ.

"मी मार खाल्ला, आते," लुदी म्हणाली. "कशासाठी खाल्ला?"

दिताने समोरची वही मिटली.

"बाहेरचा हात लावणार नाही म्हणाला होतात."

"तो आता बाहेरचा नाही."

लुदी उठली. पाय घासत गेली, त्यामुळे तिला खोलीबाहेर पडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

रविवारी सकाळी आलिंग बेबांग आणि बाकीच्या मुली चर्चला गेल्या. जोनाबेल घरी, बातांगासला. मी अंगणातल्या नळावर कपडे धूत होते. दिता खाली ओट्यावर बसली होती. ती हल्ली रविवारी येऊन बसायची, लुदी बोलायची नाही तरी. रेनांते आमच्या समोरून आत आला, पावाची पिशवी घेऊन. "गुड मॉर्निंग, बहिणींनो," म्हणाला, आणि वर गेला. दिताच्या हातातलं मासिक तसंच राहिलं.

वरून आधी काहीच आलं नाही. मग खुर्ची पडली. मग लुदीचा आवाज, शब्द नसलेला.

मी धावले तेव्हा दिता माझ्यापुढे होती. खोलीत लुदी भिंत आणि खाट यांच्यामध्ये पडलेली होती. तिच्या तोंडातून रक्त येत होतं. रेनांतेने तिच्या दुखऱ्या पायावर बूट ठेवला होता आणि तो अगदी शांतपणे बोलत होता, शिकवल्यासारखा. "माझ्याशी असं बोलायचं नाही. कळलं? असं बोलायचं नाही." दर वाक्याला बूट दाबत होता.

आम्हाला पाहून तो हसला. "आते, हा घरचा मामला आहे. शपथ लक्षात आहे ना?"

"आहे," दिता म्हणाली. "सेली, आत ये, नाहीतर बाहेर जा."

मी आत आले. दिताने दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मी तुला हात लावणार नाही," ती रेनांतेला म्हणाली. "पण कडी लावायला शपथ आड येत नाही. लुदी, ऊठ. याला कोणी जाऊ देणार नाहीये आणि वर कोणाला येऊ देणार नाहीये."

तो वळला. वळला म्हणून बूट उचलला गेला. लुदीने भिंतीला धरून स्वतःला वर ओढलं आणि खिळ्यावरची फळी काढली. हात रक्ताने निसरडा होता, पण मुठीवर ती ढगळ लोकर होती, आणि लोकरीत बोटं रुतली.

पहिला फटका खांद्यावर बसला. त्याने शिवी देऊन तिच्यावर झेप घेतली, तिचा गळा धरला. दुसरा फटका तिने जवळून मारला, कोपरावर, आणि तो आवाज लुदीने आणि मी ओळखला, जीपनीतला. तो ओरडला. माणूस एवढ्या बारीक आवाजात ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो दाराकडे आला. दिताने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, बांधल्यासारखे, आणि ती जागची हलली नाही. त्याने धड हाताने तिच्या तोंडावर गुद्दा मारला. तिचा ओठ फाटला. ती हलली नाही. मागून लुदी येत होती, पाय घासत, घाई न करता.

ती मारत राहिली. हातावर, पाठीवर, तो खाली पडल्यावर मांड्यांवर. ओरडली नाही, रडली नाही, शिवी दिली नाही. ओठ आवळलेले, नजर एका जागी, सरळ रेषेत टाके घालताना असायची तशी. तो "बास, लुदी, बास" म्हणत होता. मीही तेच म्हणत असल्याचं मला उशिरा कळलं.

शेवटी ती थांबली, कारण दम संपला. फळी तिने खाटेवर नीट ठेवली.

"आता कडी काढा, आते," ती म्हणाली.

त्याचं कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं. पोलिसात तो गेला नाही. मुलीने मारलं हे भावांसमोर परत परत सांगावं लागलं असतं. पण संघटना गप्प बसली नाही आणि सोरोरिटीलाही बसता येईना. पुन्हा बैठक. भावावर हात उचलणाऱ्या बहिणीचं नाव काढायचं, हा नियम. नाव काढण्याचं काम प्रमुखाचं. ओठाला टाके असलेल्या दिताने उभं राहून लुदिविना बाल्दोविनो हे नाव वाचलं आणि म्हणाली, "आजपासून ही आमची नाही." मग ती बसली. तिने हात लावला नव्हता, म्हणून ती राहिली.

मी आणि जोनाबेल दुसऱ्या दिवशी आपणहून बाहेर पडलो. जोनाबेल म्हणाली, "एवढा मार फुकट गेला. निदान पोतं तरी परत मागते." आणि तिने खरंच मागितलं.

लुदी दिताबद्दल वाईट बोलली नाही. मी डिवचलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तिने मला मोडलं. तिने दार लावलं. दोन्ही तिनेच केलं. मी काय करू, तूच सांग." 

त्यानंतर कितीतरी दिवस ती एकटी बाहेर जायची नाही. भीती होती की तो बरा होऊन येईल, किंवा भावांना पाठवेल. मी तिच्याबरोबर चालायचे, तिच्या पावलाच्या वेगाने. एका दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये भाताची पेज घेऊन बसलो होतो, आल्याची, वर उकडलेलं अंडं. समोरून, वाढण्याच्या खिडकीकडून, रेनांते आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, बरोबर दोन काळे शर्ट. त्यातल्या एकाने त्याचं ताट धरलं होतं.

मी उठायला लागले. लुदीने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ते आमच्याजवळून गेले. थांबले नाहीत. बाजूच्या रांगेत अगदी शेवटच्या टेबलावर, भिंतीला पाठ लावून रेनांते बसला. त्याचं तोंड आमच्याकडे होतं. जेवताना त्याची नजर ताटात नव्हती, लुदीच्या हातांवर होती.

लुदीने मासळीच्या खारट पाण्याची बाटली घ्यायला हात लांब केला. पलीकडे रेनांतेची खुर्ची कर्रकन् मागे सरकली. काळ्या शर्टातल्या एकाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि हसू दाबलं.

मला वाटलं लुदीलाही हसू येईल. तिचा चेहरा पाहिला तर ती पांढरी पडली होती. हात बाटलीवर तसाच होता. तिने तो हळूच मागे घेतला, इतक्या हळू की कोणी दचकू नये. मग दुसऱ्या हाताने बाटली आपल्याकडे ओढली, पेजेत थेंब टाकले, मोजायला विसरली, आणखी टाकले.

"फार खारट होईल गं," मी म्हटलं.

"होऊ दे," ती म्हणाली.

तिने चमचा भरला, फुंकर घातली आणि खायला लागली. पाठ दाराकडे होती. त्या वर्षात पहिल्यांदा ती दाराकडे पाठ करून बसली होती. पेज संपेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.